दुपारच्या बशा

लोर्ना ट्रेझाइज खुर्चीत टेकलेली मी कधी पाहिली नाही. ॲडलेडच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बशांत पेशी वाढवायची, मी तळघरात त्या बशा-बाटल्या धुवायचो. माझी शाळा गहूपट्ट्यातली, एका खोलीची. पण लोर्नानं मला सगळं समजावलं होतं. तिच्याकडे एक नवं रसायन होतं. जिवंत पेशीत शिरायचं आणि तिथे जस्त भेटलं की निळ्या उजेडात हिरवं चकाकायचं. जस्त काढून घेतलेल्या पेशी मात्र काळ्याच राहायला हव्यात. आणि नेमक्या त्याच मधूनमधून पेटायच्या!

प्रमुख नोस्केबाईंनी निक्षून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हे रसायन मोरीत."

लोर्नाची दोन वर्षं त्यात गेलेली. जीव थाऱ्यावर कसा राहणार? दुपारी डबा तसाच टाकून ही बाहेर उन्हात हिरवळीवर गोळे घरंगळवायचा तो खेळ खेळायला पळायची. "तेवढंच डोकं निवतं," म्हणायची, नि परतून पुन्हा बशा लावायची.

बुधवारी तिनं माझ्यापुढे बशा आदळल्या. "क्लेम, नीट धुतोस का रे? जस्त तुझ्याच बादलीतून येतंय!"

"सकाळच्याही मीच धुतो की. त्या कशा काळ्या?"

तिनं वही उलटली. सकाळच्या सगळ्या काळ्या, दुपारच्या सगळ्या हिरव्या.

"दुपारी वेगळं काय करतेस?"

"काही नाही. खेळते, येते, हातमोजे चढवते."

मी तिच्या नाकाकडे पाहिलं. उन्हात निघालेला आमच्याकडचा जो तो चोपडतो, तेच पांढरं मलम. मला हसू आवरेना.

"दात काय काढतोस, म्हाताऱ्या?"

"अगं बये, ते मलम कशाचं?"

"जस्ता..." पुढचं तोंडातच राहिलं. त्याच बोटांनी ती मोजे ओढायची! डोकं जितकं तापे तितका खेळ, तितकं मलम, तितक्या बशा हिरव्या.

गुरुवारी खेळ बंद. मग तर कहरच! मी फरशी पुसतोय आणि ही ओल्यावरूनच येरझाऱ्या घालतेय.

शुक्रवारी दुपारच्या तिन्ही बशा काळ्याकुट्ट. नोस्केबाईंनी भिंगाला डोळा लावला, वेळ घेतला, नि म्हणाल्या, "ठेवा हे रसायन."

मी टाळी वाजवणार, तोच लोर्ना म्हणाली, "थांबा हो! तीन योगायोगानंही होतात." आणि बाईंच्या देखत तिनं चौथी बशी उचललीसुद्धा.