करंगळीनं उघडणारा ड्रॉवर

“बाईसाहेब, करंगळीनं उघडा की!” दस्तगीर मिस्त्री म्हणाले. मॅडमनी करंगळी लावली. सागवानी ड्रॉवर अलगद बाहेर आला.

मॅडम म्हणजे समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या संशोधन जहाजावरच्या लॅबची टेबलं आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या वर्कशॉपनं केली होती. मी सुपरवायझर. जहाजावर आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माल गोव्याच्या बंदराकडे निघायचा होता.

“काम सुरेख आहे,” मॅडम म्हणाल्या, “आणि तोच घोटाळा आहे. जहाज कललं की ड्रॉवर आपोआप उघडेल. पाण्याचे नमुने फुटले, तर सगळी सफर फुकट. ते पाणी पुन्हा कुठून आणू?”

मिस्त्रींचा चेहरा पडला. दस्तगीरचा ड्रॉवर अडकत नाही, हीच तर त्यांची पेठेत ओळख.

मॅडमनी खडूनं टेबलावरच आकृती काढली. ड्रॉवर बंद झाला की खाचेत बसायचा. आधी वर उचलायचा, मगच ओढायचा.

“उचलून वढायचं? गिऱ्हाईक शिव्या घालंल की!”

“गिऱ्हाईक मीच आहे, मिस्त्री.”

मिस्त्री हसले आणि पटाशी घेऊन बसले. स्वतःच्या हातानं गुळगुळीत केलेल्या लाकडात ते खाचा पाडत होते. मला बघवेना. मी चहाला गेलो.

संध्याकाळी मॅडमनी ड्रॉवरमध्ये पाणी भरलेल्या बाटल्या ठेवल्या. “इथला सगळ्यात वाईट रस्ता कुठला?”

“कागलकडं उसाच्या गाड्यांचा हाय,” मिस्त्री म्हणाले. “हाडं खिळखिळी व्हत्यात.”

एक टेबल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधलं. मॅडम पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या.

“मॅडम, पुढे बसा,” मी म्हणालो.

“जहाजावर पुढे कोण बसवणार?”

परत आल्या तेव्हा त्या नखशिखांत धुळीनं माखल्या होत्या. ड्रॉवर बंद, बाटल्या शाबूत. अशी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

सफरीहून परतताना त्या मुद्दाम कोल्हापूरला उतरल्या. मिस्त्रींनी पाणीही विचारलं नाही. “ड्रॉवर उघडला का वो?”

“वादळातसुद्धा नाही. पहिल्या दिवशी तर आमच्या कॅप्टनलाही उघडता आला नाही!”

मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली. “मग झ्याक झालं!”

तेव्हापासून नवीन ऑर्डर आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: हे टेबल हलणार आहे का?