सेलेस्टीना अक्काची बारी

रविवार, १५ ऑक्टोबर २०१७. सकाळी मिस्सेला गेले. फादरांचं प्रवचन लांबलं, पुढच्या बाकावर शेजारची मर्सी डुलक्या घेत होती. दुपारी पिशवी भरली: दोन झगे, जपमाळ, रबरी चपला, गुडघ्याचं तेल. थ्री-व्हील रिक्षा करून तंबूंवर आले. फाटकावरच्या रखवालदाराने वाकून सलाम केला. गेल्या महिन्यात यानेच मला परत पाठवलं होतं. तंबूत पलंग, एसी, पांढरी मच्छरदाणी. न्हाणीघराला छप्पर नाही. जूडचा रोमहून फोन, 'अम्मे, मजा कर.' वारा पडलेला. उद्या रापण.

स्वतःच्याच गावात पाहुणी होऊन राहायची वेळ सेलेस्टीना अक्कावर चौऱ्याहत्तराव्या वर्षी आली, आणि ती तिने आपणहून आणली होती.

कल्पिटियाच्या त्या वाळूच्या पट्ट्यावर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. कोलंबोच्या कुणा मालकाने मधली नारळीची बाग भाड्याने घेतली, भिंत घातली आणि समुद्राकडे तोंड करून तंबू ठोकले. लोक विमानात बसून येत आणि कापडाखाली झोपायचे पैसे मोजत. जागेला मोठंसं इंग्रजी नाव होतं, पण गाव नुसतं 'तंबू' म्हणे. अक्काला या सगळ्याचं हसू येई. तिचं लहानपण याच वाळूत, झावळ्यांच्या खोपटात गेलं होतं. हंगाम आला की बाप चिलावहून बिऱ्हाड घेऊन यायचा, आणि आई सेंट अ‍ॅनकडे एकच मागणं मागायची, पोरीला सिमेंटच्या भिंती मिळू देत. त्यासाठीच तिने पोटाला चिमटा घेऊन पोरीला कॉन्व्हेंटात घातलं. सिस्टरांनी इंग्रजी शिकवलं, पाठ ताठ ठेवून उभं राहायला शिकवलं, आणि झोपण्याआधी दिवसभराचं सगळं वहीत उतरवायला शिकवलं. लग्न मात्र झालं रापणकऱ्याशीच. सिमेंटच्या भिंती बॅसिलने दिल्या, त्याही रापणीच्याच जिवावर.

तंबूंपुढच्या किनाऱ्यावर रापण ओढायचा हक्क चार घरांचा. हंगामाची पहिली बारी बॅसिलच्या घराची. ती झाली की बाकीच्यांच्या बाऱ्या ओळीने लागत. नियम जुना आणि सोपा. होडी जाळं सोडत समुद्रात जाते तेव्हा दोराचं एक टोक किनाऱ्यावर राहतं. ते टोक घरच्या माणसाने धरायचं आणि होडी वळसा घालून दुसरं टोक घेऊन परत येईपर्यंत सोडायचं नाही. घरचं कुणी उभं राहिलं नाही तर बारी बुडाली. पहिलीच बुडाली तर पुढच्या लागणार कशा? हंगाम सुना गेला की हक्कही गेला, चारी घरांचा.

बॅसिल फेब्रुवारीत वारला. दोन्ही मुलगे इटलीत. घरात पुरुष उरला तो एक, धाकटा दीर क्लेटस, आणि तो तंबूंवर मुकादम झाला होता. पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याने मॅनेजरला शब्द देऊन टाकला होता की यंदा मी उभा राहत नाही. बाकीची घरं म्हणाली, तुमचं कुणी उभं राहिलं तर आम्ही आहोत, नाहीतर कशाला उगाच वाकडं घ्या.

गडी होडीतून भूशिराला वळसा घालून येऊ शकत होते. ओल्या वाळूवर उतरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्यातला दुसरा नियम. आणि जमिनीवरची वाट फाटकातून. फाटकातून आत फक्त पाहुणे.

"मग मी पाहुणी होते," अक्का रापणीच्या तांडेलाला, सवरिमुत्तूला म्हणाली.

सवरिमुत्तूने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "अक्का, तिथे चहा मागितला तरी वाकून नमस्कार करतात म्हणे. तुम्हाला सोसेल?"

"सोसेन दोन दिवस."

जूडला तिने फोन करून सांगितलं, वाढदिवसाला मला तंबूत राहायचंय. तो इतका खूश झाला की तिकडूनच सगळं ठरवून टाकलं. आईचा वाढदिवस मार्चमध्ये असतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

रविवारी संध्याकाळी मॅनेजर शेहान स्वतः ताट घेऊन आला. तरणाबांड, कोलंबोचा, बोलणं लोण्यासारखं. ताटात मातीच्या पणतीएवढ्या वाटीत खोबऱ्याची लाल चटणी होती.

"मॅडम, ही आमच्याकडची खास गावठी चव."

"ही वाटी चाखायला आहे," अक्काने विचारलं, "की जेवायची वाटी मागून येतेय?"

तो हसला. काही हवं-नको विचारून, उद्या सूर्योदयाला किनाऱ्यावर खुर्ची मांडू का असंही विचारून गेला. अक्का म्हणाली, खुर्ची नको, मी उभी राहीन.

त्याची पाठ वळते न वळते तोच क्लेटस आला. पलीकडच्या तंबूंकडे नजर टाकून दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, हे काय चालवलंय तुम्ही?"

"जेवतेय."

"मला कळत नाही असं वाटतं? उद्या बारीचा दिवस आहे. मॅनेजरला सांगू का तुम्ही कोण ते?"

"सांग की. वहिनी आहे म्हण. आणि विचार त्याला, पैसे भरलेल्या बाईला कोणत्या गुन्ह्यासाठी बाहेर काढणार?"

क्लेटस तंबूच्या पायरीवर उकिडवा बसला. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्याने मुठीत धरल्या. "माझ्या पोरीला, रुवानीला इथे कामाला घेतलंय. हिशेबाच्या टेबलावर, एसीत. तिने काय सुकट वाळवत बसायचं का जन्मभर?"

"बसू दे तिला एसीत. मी काही तिची खुर्ची मागायला आलेले नाही."

"हे लोक रापण बघून पळतात हो. वास येतो म्हणतात, आरडाओरडा होतो म्हणतात. तंबू बंद पडले तर?"

"ज्यांना समुद्राचा वास सोसत नाही त्यांनी समुद्रापुढे बिऱ्हाड करावंच कशाला? डोंगरात जा म्हणावं. नुवारा एलियाला थंडी पण आहे."

क्लेटस उठला. जाता जाता त्याने शेवटचा घाव घातला. "तुम्ही नुसत्या उभ्या राहाल, अक्का. दोराला बाईचा हात लागत नाही. सवरिमुत्तूच लावू देणार नाही."

हा घाव मात्र वर्मी बसला. कारण ते खरं होतं. जाळं भिजायच्या आधी बाईने दोराला शिवलं तर मासळी फिरकत नाही, असं किनाऱ्यावरचं लहान पोरही सांगे. अक्का पलंगावर पडली. गादी इतकी मऊ की कूस वळायला आधार मिळेना. शेवटी ती उठली आणि चटई नव्हती म्हणून पायपुसणीवर उशी टाकून खाली निजली.

उजाडता उजाडता भूशिराआडून होड्या आल्या. गडी ओल्या वाळूवर उतरले. नेहमीची थट्टामस्करी नाही. अक्का तंबूतून खाली चालत आली, झग्याचा घोळ कमरेला खोचून, अनवाणी. सवरिमुत्तूच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. तिने हात पुढे केला. त्याने वेटोळं खाली ठेवलं नाही.

"अक्का, तुम्ही इथे शेजारी उभ्या राहा. टोक आमच्यातला कुणीतरी धरेल. घरचं माणूस हजर आहे, झालं."

"नियम हजेरीचा आहे की धरायचा?"

त्याने वेटोळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"सवरि, आपल्या लहानपणी या रापणीचे दोर कुणी वळले? खाडीत नारळाची सोडणं कुजवली कुणी, कुटली कुणी, मांडीवर काथ्या वळला कुणी? तुझ्या आईने आणि माझ्या आईने. मांड्यांची सालटी निघेपर्यंत. तेव्हा नाही विटाळ झाला दोराला?"

"तो काथ्या होता, अक्का. हा नायलॉन आहे."

"मग तर बाटायला यात काहीच नाही. आण इकडे."

मागे उभ्या गड्यांत कुणीतरी फस्सकन हसलं. सवरिमुत्तूलाही हसू आवरेना, आणि हसताना माणूस फार वेळ अडून राहू शकत नाही. त्याने छातीवर क्रूस केला आणि दोराचं टोक तिच्या हातात दिलं. "आज जाळ्यात नुसते काटेरी फुगेमासे आले ना, तर मी तुमचं नाव सांगणार," म्हणत तो होडीत चढला.

होडी सुटली. दोर सळसळत पाण्यात जाऊ लागला. अक्काने टोक कमरेभोवती घेतलं, दोन्ही मुठी आवळल्या आणि टाचा वाळूत रोवल्या. तोवर वल्हेकऱ्यांच्या हाळीने तंबूंचे पडदे हलू लागले होते. शेहान धावतच आला, पायात तंबूतल्या घरगुती सपाता.

"मॅडम! मॅडम, हे काय? सोडा ते! इथे जाळं लावायला मनाई आहे. पाहुणे झोपलेत."

"मी पण पाहुणीच आहे. मी जागी आहे."

"तुम्हाला हवं तर आम्ही रापण बघायला घेऊन जाऊ, दुसऱ्या किनाऱ्यावर, जीपने..."

"बाळ, माझ्या तंबूत पाटी लावली आहेस. 'हा किनारा तुमचाच आहे.' इंग्रजी चांगलं आहे. मी तेच धरून चाललेय."

शेहानच्या बोलण्यातलं लोणी संपलं. तो म्हणाला की मग तुमचं राहणं इथेच संपलं, सामान फाटकावर येईल, आता तुम्ही पाहुण्या नाही. अक्का म्हणाली, बरं. पण दोर सुटला नाही. होडी आता लांब गेली होती आणि जाळ्याची बुचं पाण्यावर वाकडी रेघ काढत चालली होती. दोराला ओढ बसू लागली तशी अक्का एक पाऊल पुढे घसरली, पुन्हा टाच रोवली. पाणी घोट्यापर्यंत आलं. किनाऱ्यावरचे गडी जागचे हलले नाहीत. मदत करायची त्यांच्या मनात होती, पण होडी टेकेपर्यंत टोकाला घराबाहेरचा हात लागला तर बारी घराची राहत नाही, हे त्यांना माहीत होतं.

शेहानने हाक मारली, "क्लेटस! दोर काढून घे त्यांच्याकडून!"

क्लेटस वाळूतून खाली आला. तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. अक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि मुठी त्याच्यापुढे केल्या.

"घे. धर. तू पण घरचाच."

क्लेटसचे दोन्ही हात पाठीमागे गेले. शेहानला काहीच समजेना. "अरे, बघतोस काय? म्हाताऱ्या बाई आहेत त्या! हात लाव दोराला!"

"नाही लावता येत, सर."

"का?"

क्लेटसने काय सांगावं? की मी हात लावला तर बारी माझ्या नावाने उभी राहते? की लावला तर यंदा उभा राहत नाही हा दिलेला शब्द मोडतो, आणि नाही लावला तर तुमचा हुकूम मोडतो? तो नुसता घामाघूम उभा राहिला. पाठीमागे किल्ल्या खुळखुळत होत्या.

"घाबरू नकोस," अक्का धापा टाकत म्हणाली. "तुझा दादा म्हणायचा, क्लेटस दोर असा धरतो, जसा दुसऱ्याच्या बायकोचा हात."

किनाऱ्यावर हशा पिकला. क्लेटसचे कान लाल झाले. तेवढ्यात वैतागलेला शेहान स्वतःच पुढे सरसावला, सपाता पाण्यात, हात दोराकडे. तेव्हा मात्र क्लेटस हलला. तो मध्ये आला आणि छातीने मॅनेजरला आडवा झाला.

"नको, सर. दोर धरलेल्या माणसाला शिवत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"आमच्यात म्हणतात."

"तू माझा माणूस आहेस की यांचा?"

क्लेटस बाजूला झाला नाही. दोघं तसेच समोरासमोर उभे असताना होडी वळून किनाऱ्याला लागली. सवरिमुत्तूने दुसरं टोक घेऊन उडी मारली आणि बोंब ठोकली, आणि अडून राहिलेले सगळे हात एकदम दोन्ही दोरांवर पडले. दोर ओढायची हाळी सुरू झाली. अक्काच्या मुठी कुणीतरी हळूच उघडल्या. तळव्यांची सालं निघाली होती.

तंबूंतले लोक बाहेर आले होते. एक जाडा गोरा माणूस नाकाला रुमाल लावून तक्रार करत होता. दोन बाया फोटो काढत होत्या. शेहान त्यांच्याकडे माफी मागायला धावला.

जाळं वर आलं तेव्हा त्यात बरीचशी जेलीफिश, शेवाळ आणि टोपलीभर तारल्या होत्या. "बघा," सवरिमुत्तू म्हणाला, "सांगितलं होतं ना." पण तो हसत होता. दुसऱ्या बारीच्या घरचा माणूस, जो इतके दिवस उगाच वाकडं कशाला म्हणत होता, त्याने भर किनाऱ्यावर मोठ्याने विचारलं, "मग आमची बारी गुरुवारी ना?" आणि सवरिमुत्तूने त्याच आवाजात हो म्हटलं, तंबूंपर्यंत जाईल असं.

अक्काची पिशवी खरोखरच फाटकावर ठेवली होती. क्लेटसने ती उचलली आणि थ्री-व्हीलपर्यंत आणून दिली. पांढरा शर्ट अजून अंगावर होता. संध्याकाळपर्यंत राहील की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं.

"गुरुवारी फाटक बंद असेल, अक्का," तो म्हणाला.

"असू दे. त्या घरात चार पोरगे आहेत, होडीतून येतील. आणि तुझी नोकरी गेली तर जेवायला ये. रुवानीलाही आण."

"एवढं भांडून वर जेवायला बोलावता?"

"भांडण कुठे संपलंय अजून? जेवताना पुढचं."

त्या संध्याकाळी वहीत बाकी सगळं लिहून झाल्यावर तिने शेवटची ओळ लिहिली: तारल्या कालवणाला पुरल्या, उरलेल्या मीठ लावून परातीत ठेवल्या, मिरपूड संपली, उद्या आणायची.