भिंगोबाची गाठ

"मोठ्या पडद्यावर दाखवायची काय गरज होती? चारचौघांत?"

"चारचौघांत नाही बाबा, चौदा जणांत. मोजले मी."

"कानात येऊन सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"कानात सांगितलं असतं, तर तुम्ही मलाच म्हणाला असता, पोरी, डोळे तपासून घे."

दुपार कलली होती. बाहेर सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर धडधडत होता. आत सामानाच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेले रबरी सूट फाशी दिल्यासारखे माना टाकून निथळत होते आणि त्यांच्यामध्ये बापलेक एकमेकांना ओरबाडत होती. बापाचे हात गोड्या पाण्याच्या हौदात होते. तो मास्क धूत होता. एकच मास्क, मघापासून.

त्याला सगळे भिंगोबा म्हणत. गेली एकतीस वर्षं हा माणूस लोकांना समुद्राच्या तळाशी नेत होता, ते समुद्रघोडे दाखवायला. तळाच्या गवतात गवताच्याच रंगाचा, बोटाएवढा घोडा शेपटीचा वेढा देऊन बसलेला असायचा. पातेल्याएवढाले कॅमेरे घेऊन आलेले पाहुणे त्याच्या नाकासमोरून पोहत जात आणि त्यांना काही दिसत नसे. मग भिंगोबा स्टीलच्या कांडीने सिलिंडरवर टण टण वाजवायचा, बोट दाखवायचा, आणि पाहुण्यांच्या तोंडून बुडबुड्यांचा लोट उठायचा. दूरदूरचे फोटोवाले बुकिंगच्या आधी विचारत, "भिंगोबा आहेत ना? मग येतो."

नियम एकच. हात लावायचा नाही. एका बड्या पाहुण्याने चांगला फोटो मिळावा म्हणून घोड्याला चिमटीत धरून जरा उजेडाकडे सरकवला, तर भिंगोबाने त्याच्या पट्ट्याला धरून त्याला पाण्याबाहेर आणला होता. बोटीवर त्याची अशी काही हजेरी घेतली की तो गृहस्थ पुढचे दोन दिवस वाळूतच बसून राहिला.

दोन वर्षांपूर्वी भिंगोबाच्या डोळ्यांवर साय धरली. मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करा, पण पुढे तीन महिने डुबकी बंद. तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम. आणि त्या हंगामात पाहुण्यांना खाली कोण नेणार? लेक. तिची नजर आताच अशी तयार झाली होती की लोक बोटीवर म्हणायला लागले होते, "बापापेक्षा चार बोटं पुढेच आहे हो." ते वाक्य भिंगोबाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्याने डॉक्टरांचा कागद चुलीत घातला आणि घरात एक अक्षर काढलं नाही.

मग तो मोजून पोहायला लागला. नांगराच्या साखळीपासून बत्तीस वेळा पाय मारायचे, बुडालेला टायर लागला की डावीकडे वळायचं. पण घोडा थोडाच टायरसारखा एका जागी पडून राहतो? म्हणून दहा दिवसांपूर्वी हाताला लागलेला एक घोडा त्याने टायरच्या दोरखंडाशी आणला आणि त्याच्या शेपटीला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, दोन वेढे देऊन बांधून टाकला. डोळे मिटूनही बसली असती अशी नेटकी गाठ. घोडा नर होता, पोट टम्म फुगलेलं. या जातीत पिल्लं बाप पोटात वागवतो. पाहुणे वेडे होतात असा घोडा दिसला की.

दहा दिवस टण टण झकास वाजलं. आज लेक कॅमेरा घेऊन त्याच्या गटाबरोबर खाली गेली. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे पडद्यावर फोटो लागले. तिने आधी घोड्याचं पोट मोठं करून दाखवलं. वाहवा झाली. मग शेपटी. मग आणखी मोठी. मांसात रुतलेला तंगूस आणि भोवती पांढरी पडलेली कातडी. कुणीतरी म्हणालं, "अहो, याला तर दावं लावलंय!" दुसरा म्हणाला, "वैरणही टाकत असतील!" खोली हसून हसून लोळली. भिंगोबा पहिल्या रांगेत होता. पडद्यावर काय आहे ते त्याला शेवटी कळलं, आणि तेही हसण्यावरून.

"मीच बांधला, हे कशावरून?" तो आता म्हणाला.

"लहानपणी माझ्या बुटांना हीच गाठ मारायचात."

मास्क हौदात पडला.

"चौदा वर्षांची होते मी," ती म्हणाली. "एक घोडा नुसता बोटावर घेतला होता. तुम्ही मागून येऊन माझ्या सिलिंडरचा कॉक बंद केलात. त्याला धरल्यावर काय वाटतं ते कळू दे म्हणून."

"दहा मोजून उघडला होता."

"दहा तुम्ही मोजलेत. मी मोजायला शुद्धीवर होते का?"

"पण जन्माची शिकलीस ना? परत हात लावलास?"

"नाही लावला. आज पहिल्यांदा लावला, दोरा कापायला. तुम्ही सगळ्यांना घेऊन वर गेलात, तेव्हा मागे राहून."

"मग? सुटला ना?"

"शेपटीचं टोक दोऱ्याबरोबर आलं. शेपटीशिवाय घोडा कशाला धरून बसणार, बाबा? गेला वाहत. पोटातल्या सगळ्यांना घेऊन."

भिंगोबा भिंतीला टेकला. म्हणाला, "आधी फोटो काढलास, मग कापलास."

"हो."

"किती काढलेस?"

"अकरा."

"अकरा फोटो होईपर्यंत तो तसाच बांधलेला."

"तुम्ही दहा दिवस ठेवलात, ते बरं!" तिचा आवाज चिरकला. मग तिने एकेक शब्द सावकाश टाकला. "मघाशी डॉक्टरांना फोन करून सगळं विचारलं मी. तेवढं एक ऑपरेशन केलं असतंत. तीन महिने फक्त. लेकीला तीन महिने द्यायला जड गेलं ना तुम्हाला? त्या घोड्यांच्या जातीतला बाप मिळायला हवा होता मला."

भिंगोबाने हात पुसले नाहीत. दाराशेजारी उद्याच्या बोटीवर कोण कोण जाणार त्यांच्या नावांचा फळा होता. मघाशी सगळ्यांसमोर बोटीच्या मालकीणबाईने खडू लेकीच्या हातात दिला होता. म्हणाली होती, "उद्यापासून बोट तुझी. बाबांचं नाव घालायचं की नाही, तुझं तू ठरव." आणि लेकीने भांडण सुरू व्हायच्या आधीच फळा लिहून ठेवला होता.

तो फळ्याजवळ गेला. नाक टेकेल इतका जवळ. काळ्यावर पांढरी लाळ सांडल्यासारखं काहीतरी. चार नावं असतील, पाच असतील. त्याने चाचपायला बोट उचललं आणि तसंच धरलं. ओलं बोट होतं. असलेलं नावही पुसलं गेलं असतं.

"वाचून दाखव ना," तो म्हणाला. "नुसतं उचलायला नेलंस तरी चालेल. सिलिंडर उचलीन. बोटीवर बसून राहीन. आहे का माझं नाव?"

लेकीने हौदातला मास्क काढला, झटकला, खुंटीला अडकवला.

"सांग ना गं बाई, आहे का?"

ती त्याच्या शेजारून दारातून बाहेर निघून गेली.