तोटीवरचा माणूस

तोमा घराण्याचा मेळावा ठरला की हेल्दुरला कोणी बोलावणं पाठवत नसे. बोलावणं पाहुण्यांना. हेल्दुर बिअर घेऊन येणार, हे धरलेलंच असे. यात त्याला कधी अपमान वाटला नाही. उलट, आपल्याला विचारावंही लागत नाही, हाच त्याला मान वाटायचा.

तरुणपणी तो सामूहिक शेतीच्या दुधाची गाडी चालवायचा. शेती मोडली, गाडी गेली, मग जंगलतोडीवर गेला, पाठ गेली तेव्हा तेही सुटलं. बायको वारली. मुलं झाली नाहीत. आयुष्यात लोकांनी त्याला एकाच गोष्टीसाठी ओळखलं. सारेमा बेटाच्या त्या टोकाला लग्न, बारसं, मयत काहीही असो, बिअर हेल्दुरची असे. एके काळी घरोघर बिअर व्हायची. आता ती करणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले होते आणि त्यांतले दोघे अंथरुणाला खिळलेले.

त्याची बिअर वसंतात सुरू व्हायची. जवाचं पोतं ओढ्याच्या गार पाण्यात बुडवायचं, मोड आले की बाष्पस्नानाच्या खोलीत पसरून वाळवायचं. मग उन्हाळ्यात जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्यांच्या थरावर तो भरडलेला जव, त्यावर कढत पाणी, आणि खालून ठिबकणारा गोड रस. हा रस तो उकळत नसे. यीस्ट घालून आंबवायचा आणि पुरता शांत व्हायच्या आत लाकडी पिंपात भरायचा. अशी बिअर जिवंत असते आणि म्हणून टिकत नाही. आठवडाभर ती उत्तम असते, ऊन तापलं तर तेवढीही नाही. त्यामुळे आधी तारीख ठरते, मग उलटं मोजत बिअरला हात घालायचा.

समारंभात पिंपाच्या तोटीवर बसणाऱ्याचा एक रिवाज आहे. पहिला घोट त्याने स्वतः घ्यायचा, सगळ्यांदेखत, आणि म्हणायचं, ‘प्या.’ त्याआधी कोणी बिअरचा मग उचलत नाही. तो एक शब्द उच्चारला की बिअरची जबाबदारी त्याची.

दुसरा मग थोरल्या बहिणीचा. सेल्मा त्याच्याहून बरीच मोठी. वडील बिअर करायचे तेव्हा गोड रसात बोट बुडवून, कडवटपणासाठी घालायची हॉपची फुलं अजून हवीत की पुरेत, हे तीच सांगायची. वडील म्हणायचे, जीभ हिची आणि हात याचे, दोघं मिळून एक माणूस झालं असतं तर बरं होतं. पण तोटीवर बाई बसत नाही, म्हणून पिंपं हेल्दुरकडे आली. सेल्माने त्याची तोंडभरून स्तुती कधी केली नाही. एक घोट घ्यायची आणि एक वाक्य बोलायची. ‘जव जास्त भाजलास.’ ‘घाई केलीस या खेपेला.’ पुढचं वर्षभर हेल्दुर त्या वाक्यावर काम करायचा. एकदाच, फार वर्षांपूर्वी, ती म्हणाली होती, ‘बाबांसारखी.’

आता सेल्मा कुरेसारेच्या वृद्धाश्रमात होती. घराण्याचं शेत तिने मुलाच्या, तार्वोच्या नावावर करून दिलं होतं. तार्वो बराच काळ फिनलंडमध्ये बांधकामावर असे आणि शेतात गवत कंबरेएवढं वाढे. ‘चुकलंच माझं,’ असं सेल्मा भेटेल त्याला सांगायची. मुलासमोरही.

या वर्षी हेल्दुरने मनाशी ठरवलं होतं, ही शेवटची. पाठ ऐकत नव्हती. जुलैतल्या मेळाव्यासाठी त्याने जो जव वाळवला, त्याला आतून पावाच्या कडेसारखा वास होता. मेळाव्याच्या आदल्या दिवशी तळघरात त्याने चमचाभर चाखली आणि पायरीवर बसून राहिला. बाबांसारखी झाली होती. हे त्याला कळलं होतं, पण त्याच्या कळण्याला किंमत नव्हती. ते सेल्माने म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीमागच्या ट्रेलरवर दोन्ही पिंपं ओल्या गोणपाटात गुंडाळून तो शेतावर पोचला. फाटक बंद. अंगणात टेबलं नाहीत, माणूस नाही. गवत उभंच.

त्याने तार्वोला फोन लावला.

“मामा! अहो, पुढं गेलं ना ते. फेरीबोटीवर गाड्यांना जागाच नव्हती, फिनलंडवाले अडकले असते. दोन आठवड्यांनी आहे.”

“मला कोण सांगणार होतं?”

“ग्रुपवर टाकलं होतं की.”

“माझा फोन बटणांचा आहे.”

“हो, ते राहिलंच बघा. पण तुमचं काय अडतंय? बिअर तयार आहे, उत्तमच. ठेवा तळघरात.”

हेल्दुरने फोन खिशात टाकला. ट्रेलर उलटा वळवायला त्याला बराच वेळ लागला, कारण फाटकासमोर जागा नव्हती.

घरी त्याने एक पिंप उघडलं ते टपालवाली मैरे आली तेव्हा. एवढ्या बिअरचं कोणीतरी तोंड पाहावं म्हणून. मैरे उभ्याउभ्या एक घोट प्याली.

“छान आहे.”

“छान म्हणजे कशी?”

“छान म्हणजे छान, काका. मला गाडी चालवायचीय.”

मग उकाडा आला. तळघराची पायरीसुद्धा गरम लागू लागली. दुसऱ्या आठवड्यात बिअरला आंबूस धार आली, मग व्हिनेगरचा वास. त्याने दोन्ही पिंपं खाजऱ्या झुडपांच्या रानात उपडी केली. नवी करायला मोड आणून वाळवलेला जव नव्हता, तो वसंतातच होतो. तार्वोला त्याने कळवलं, बिअर गेली.

“काळजी सोडा, मामा. मी बघतो. तुम्ही फक्त तुमची पिंपं आणा.”

पिंपं कशाला, हे त्याने विचारलं नाही. त्याने ती जुनिपरच्या कढत पाण्याने धुतली, लाकूड फुगावं म्हणून रात्रभर भिजत ठेवली आणि मेळाव्याच्या दिवशी शेतावर नेली. गोठ्यामागे तार्वो उभा होता. त्याच्याजवळ स्टीलची चकचकीत पिंपं आणि रबरी नळी.

“हे काय?”

“बिअर. बेटाच्या पलीकडच्या टोकाला नवी भट्टी निघालीय ना, त्यांची. अगदी घरच्यासारखी करतात. वर छापलंयसुद्धा.”

“आणि ती माझ्या लाकडात ओतणार?”

“लोक फोटो काढतात, मामा. स्टीलच्या डब्याचा काय फोटो काढायचा? आणि आईला सांगून बसलोय, मामाची बिअर आहे म्हणून. आठ दिवस तिथल्या नर्सबायांचं डोकं खातेय ती.”

“तिला सांग, माझी आंबली.”

“का आंबली, ते विचारेल की ती.” तार्वो नळीकडे बघत बोलत होता. “मग तारखेचं निघेल. मग शेताचं. सगळ्या गोतावळ्यासमोर. तुम्हाला माहितीय तिचं तोंड. रात्री गोळ्या घेऊनसुद्धा झोपायची नाही मग. बघा बुवा, तुमच्यावर आहे.”

हेल्दुरने नळीचं टोक पिंपात आणखी खाली सरकवलं. वरून ओतली की फार फेस होतो.

अंगणात टेबलं मांडली होती. धुरावलेले मासे, बटाट्याचं सॅलड, काळा पाव. चाकाच्या खुर्चीतून आणलेली सेल्मा सफरचंदाच्या झाडाखाली बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी, नजर पिंपांकडे. हेल्दुर तोटीशेजारी बाकावर बसला. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने आपला मग भरला आणि पहिला घोट घेतला.

वाईट नव्हती, पंचाईत तीच होती. स्वच्छ, एकसारखी, शेवटी जरा कडवट, जुनिपर वरून शिंपडल्यासारखा. सरबत म्हणून कोणीही प्यावं अशी.

“प्या,” तो म्हणाला.

लगेच मगांची रीघ लागली. फिनलंडहून आलेल्या एका चुलत पुतण्याने मिशीवरचा फेस पुसला.

“काका, याला म्हणतात बिअर! नाहीतर ते दुकानातलं, नुसतं मूत.”

“दर वर्षी आंबट असायची जराशी,” त्याची बायको म्हणाली. “या वेळी मस्त जमलीय. काय केलंत वेगळं?”

“काही नाही.”

“मुरलेला माणूस आहे. सांगेल होय गुपित!” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तार्वो सगळ्यांत मोठ्याने.

सेल्माचा मग हेल्दुर स्वतः घेऊन गेला. रिवाजाने तो दुसरा, पण त्याने उशीर केला होता. तिने दोन्ही हातांनी तो धरला, घोट घेतला, तोंडात फिरवला. तार्वो खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“कोणाची ही?” सेल्माने विचारलं.

हेल्दुरने भाच्याकडे पाहिलं. भाचा घोंगडी नीट करत होता.

“माझीच, अक्का.”

तिने पुन्हा एक घोट घेतला, या वेळी डोळे मिटून. पहिल्या वेळी आपलीच चूक झाली असेल, असं समजून ती पुन्हा तपासत होती. नंतर तिने मग त्याच्या हातात परत दिला. तो जवळजवळ भरलेलाच होता.

“आता बस कर, हेल्दुर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लहानपणी त्याच्या सदऱ्याची बटणं लावताना असायचा तसा होता. “हात गेला तुझा. हिच्यात कोणीच नाही. तूही नाहीस, बाबाही नाहीत.” मग तिने मान मागे वळवली. “तार्वो, पुढच्या वर्षी याला या कामाला लावू नकोस. लोकांत शोभा होते.”

“नाही लावणार, आई,” तार्वो म्हणाला.

तिकडून कोणीतरी रिकामा मग तोटीवर आपटला. “काका, कुठं राहिलात? इकडं तहानेनं जीव चाललाय!”

हेल्दुर परत बाकावर येऊन बसला आणि त्याने तोटी उघडली.