अव्वाची आंब

गुरुबसप्पाचा आवाज बसला त्या साली जळकोटकडच्या विहिरींनीही तळ गाठला होता. मग एका माणसाच्या घशाची कुणाला काय पडली होती! पण गावात मयत झालं की पहिली हाक त्यालाच. लिंगायतांत मयत बसवतात आणि मूठमाती होईपर्यंत पुढ्यात भजन चालतं. गुरुबसप्पा किराणा दुकानाच्या फळ्या लावून निघायचा. तिथं उपाशीपोटी नुसत्या चहावर गायचं, मग घरी येऊन झणझणीत कालवण-भाकरी चेपायची आणि लगेच आडवं व्हायचं, यात त्याची उमर गेली.

आता वरचा सूर लावला की आवाज चिरके, छातीत आग पडे. त्यानं धसकाच घेतला. त्याची म्हातारी आई शांतम्मा, त्याची अव्वा, अंथरुणाला खिळलेली होती आणि तिनं केव्हाच बजावलं होतं, "माझ्या म्होरं तूच म्हण बाबा, दुसरं कुणी नगं."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. लोक म्हणत, जिल्हा आला आन् पाणी गेलं. पण तिथल्या दवाखान्यात घशाचा डॉक्टर बसू लागला होता, एवढं खरं. बायकोनं, नीलाबाईनं, गुरुबसप्पाला रेटून एसटीत बसवलं.

डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिलं. "पोटातलं आंबट पाणी वर येऊन घसा भाजतोय. आंबट खाता का?"

गुरुबसप्पाला रागच आला. "गाणारा माणूस हाय मी, सायेब. चिंच, दही, कैरी, काई शिवत न्हाई. उलट रोज औषध घेतोय. अव्वाच्या हातची आंब."

"आंब म्हणजे?"

"रानातल्या हरभऱ्यावर रातच्याला फडकं पसरायचं, पहाटं दवानं भिजलं की पिळायचं. पोटाला लई गुणाची. दोन सालं हरभराच न्हाई, पर अव्वानं जुनी बाटली माझ्यासाठी राखलीय."

"अहो, तिच्या नावातच आंबट आहे की!" डॉक्टर म्हणाले. पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "ती आधी बंद करा. जेवून लगेच निजू नका. आणि दोन महिने भजन नाही. हट्टानं गायलात तर आवाज कायमचा जाईल."

औषधाला त्यानं कधी खाण्यात धरलंच नव्हतं. चुकलं ते इथंच.

घरी शांतम्मानं अंथरुणातूनच आंबेचा चमचा पुढं केला. "घे, घसा मोकळा हुईल." त्याच्यानं सांगवेना. तिचं लक्ष नाहीसं पाहून त्यानं आंब मोरीत सांडली आणि दोन महिने गायचं नाही, एवढंच सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "तर माझ्या म्होरं नगं म्हणू. मेल्यावर मला कुटं ऐकू येतंय? जित्यांसाठी आवाज राख."

दोन महिने भरायच्या आतच ती गेली. अंगणात भजन उभं राहिलं आणि गुरुबसप्पा नुसता टाळ धरून बसला. आतून त्याचा जीव तुटत होता.

"गावाला गातो, आन् सख्ख्या आईला न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

नीलाबाई पेटलीच. "सांगा की त्यास्नी, दाक्तर काय म्हनला ते!"

"काय सांगू?" तो घोगरं पुटपुटला. "घसा कशानं बसला इचारतील. अव्वानं मायेनं पाजलं, त्यानंच घसा जळाला म्हणू? तिच्या म्होरं बसून?"