हिल्माच्या बरगड्या आणि गरम ताटल्या

हरणाच्या बरगड्या खायच्या की नाही, हा प्रश्न आमच्याकडे, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला, नोव्हेंबरात शिकारीचं हरीण टांगलेल्या कुठल्याही गॅरेजात विचारून बघा. चार जण सुरी खाली ठेवून भांडायला उभे राहतील. मी एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेला माणूस, पण या विषयावर मला बोलू दिलंत तर संध्याकाळ होईल. थोडक्यात सांगतो (माझी बायको वर्ना इथे हसेल). बहुतेक लोक मांड्या घेतात, पाठीचं मांस घेतात आणि बरगड्यांचा सांगाडा झाडाला टांगून देतात. काळ्या टोपीचे चिमुकले पक्षी हिवाळाभर त्यावर चोची मारत बसतात. माझे वडीलही तेच करायचे. एकदा आमच्या पाद्रीबुवांनी त्या बरगड्या भाजून खाल्ल्या आणि पुढच्या रविवारी प्रवचन अर्ध्या वेळात आटोपलं. जीभ टाळूला चिकटली होती म्हणे!

अख्ख्या वस्तीत बरगड्या मागून घेणारी बाई एकच, हिल्मा. शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी लोक तिच्या पायरीवर बरगड्या ठेवून जायचे. ती त्यांचं काय करायची ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्याकडे ज्यांना ज्यांना जेवायला मिळालं, ते वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगत.

तिचा नवरा वॉलफ्रिड माझा शाळासोबती. एकतीस वर्षं त्याने काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवली. पहाटे तीनला निघायचा आणि दिवसभर एकटाच गाडीत. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण तो बोलायचा नाही. दोघांच्या वाटचं हिल्माच बोलायची. मूलबाळ नव्हतं. गेल्या मे महिन्यात, दारची लायलॅकची झुडपं फुलायच्या आधीच, ती गेली.

नोव्हेंबर आला. हंगामाचा शेवटचा रविवार आला. वॉलफ्रिडच्या पायरीवर कुणीच काही ठेवलं नाही. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं हो! प्रत्येकाला वाटलं, आता कशाला त्या म्हाताऱ्याला त्रास. पण माझं घर समोरच. दुपारपर्यंत तो तीनदा दार उघडून पायरीकडे बघताना मला दिसला.

शेवटी रस्ता ओलांडून तो माझ्या गॅरेजात आला. माझं हरीण अजून टांगलेलंच होतं.

"ऑर्लो, बरगड्यांचं काय करणार आहेस?"

"पक्ष्यांना. तुला हव्यात का पक्ष्यांना?"

"मला हव्यात."

"तुला रांधता येतं?"

"अंडं येतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "उकडलेलं."

मी दोन्ही बाजूच्या बरगड्या करवतीने कापून दिल्या.

मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो. टेबलावर बरगड्यांची एक अख्खी बाजू ताटात पडलेली, वर पांढरा थर. हरणाची चरबी डुकरासारखी नसते. जरा गार झाली की मेण होते आणि तोंडात जाऊन बसते.

"भाजल्या नुसत्या," वॉलफ्रिड म्हणाला. "मीठ लावलं. मेणबत्ती खाल्ल्यासारखं वाटतंय, बघ."

मी एक चावून पाहिली. पाद्रीबुवांची आठवण झाली.

"अरे, मग दुसरी बाजू टाकून दे पक्ष्यांना."

"एकच राहिलीय." तो खिडकीकडे बघत होता. "हंगाम संपला. आता पुढच्या नोव्हेंबरात. तोवर माझ्या तोंडाला ती चव राहील का रे? आत्ताच मला ती धड आठवत नाही. मोहरी होती का साखर होती… ही बाजू बिघडली, तर गेली."

मी कॉफी ओतून घेतली.

"हिल्माने कुठे लिहून ठेवलं असेल की."

"डबा उपसला तिचा. केकचं आहे, लोणच्याचं आहे. हे नाही."

"बेचाळीस वर्षं तू याच स्वयंपाकघरात बसलायस, गाढवा. ती काय करायची ते पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की. ती बोलायची, मी ऐकायचो. तिच्या हातांकडे कोण बघतं?"

"आणि तू काय करायचास?"

"सुतळी कापून द्यायचो. दुसऱ्या दिवशी ताटल्या ओव्हनमध्ये तापवायच्या. मी मधेमधे येऊ नये म्हणून ती मला ही कामं लावायची."

मी हसलो. तोही जरा हसला. बाहेरच्या बर्चच्या झाडाला एक खिळा होता. एक पक्षी येऊन त्या रिकाम्या खिळ्यावर बसला, इकडेतिकडे बघून उडाला. मग दुसरा आला.

"पक्ष्यांना चरबीची वडी टांगायची ना हिल्मा?" मी म्हणालो. "पातेल्याएवढी गोल, पांढरी."

"दरवर्षी. सुतळी त्यालाच तर…"

वॉलफ्रिड थांबला. कप खाली ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदाच, तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

"ऑर्लो," तो हळूच म्हणाला, "ती चरबी कुठून यायची?"

मग त्याने उठून कपाटातलं मोठं पातेलं काढलं. उरलेल्या बरगड्या अंदाजानेच कांदा, तमालपत्र आणि थोडा व्हिनेगर घालून मऊ होईपर्यंत उकळल्या. सुतळीचं एक टोक पातेल्यात सोडलं आणि पातेलं मागच्या पडवीत बर्फात ठेवलं, रॅकूनसारखं चोरटं जनावर येऊ नये म्हणून झाकणावर धोंडा. सकाळपर्यंत सगळी चरबी वर येऊन थिजली, सुतळीसकट. त्याने सुतळी धरून उचललं तर झाकणासारखी गोल वडी अलगद निघाली. खाली स्वच्छ बरगड्या. त्यांना वाटलेली मोहरी आणि थोडी साखर लावून ओव्हनमध्ये भाजल्या, आणि दुपारी मला फोन केला. दोनच शब्द. "ये. लवकर."

ताटली हातात घेतली तर बोटं भाजली. तेव्हा मला कळलं. चरबी कितीही काढा, थोडी राहतेच. गार ताटलीत ती लगेच गोठते. मधेमधे येऊ नये म्हणून दिलेलं ते काम म्हणजे अर्धा पदार्थ होता.

चव बरोबर आली होती. मी शपथेवर सांगतो, हिल्माचीच.

वॉलफ्रिड खात होता. एक, दोन, तीन. मान खाली. मीही खात होतो. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्या घरात मी ती कधी ऐकली नव्हती.

शेवटची बरगडी त्याने हातात धरली, बराच वेळ.

"गरम आहे अजून," तो म्हणाला. "शेवटपर्यंत गरम. असं कधी व्हायचं नाही. ती बोलायला लागायची आणि तिची ताटली पांढरी व्हायची. मी म्हणायचो, हिल्मा, आधी खा. मी परत ओव्हनमध्ये ठेवायचो तिची ताटली, आणि ती परत बोलायची. दोनदा, तीनदा. मी चिडायचो रे तिच्यावर." त्याने बरगडी खाली ठेवली. "आज कुणी बोललंच नाही."

माझ्या ताटलीत दोन बरगड्या होत्या. मी काटा बाजूला ठेवला आणि पाद्रीबुवांची गोष्ट सुरू केली. त्याने ती शंभरदा ऐकलेली. मी मुद्दाम लांबवली. त्यातून त्यांच्या घोड्यावर गेलो, घोड्यावरून आमच्या शाळेच्या बाईंवर, बाईंवरून त्या साली तळ्यावरचा बर्फ फुटला त्यावर. वॉलफ्रिड माझ्या ताटलीकडे बघत होता. कडेने पांढरं धरायला लागलं होतं.

"ऑर्लो," तो ओरडला, "आधी खा की! गोठतंय!"

आणि उठून त्याने माझी ताटली ओव्हनमध्ये ठेवली.

मी चार वाजेपर्यंत बोलत बसलो. मग वर्नाने समोरून दिवा लावला म्हणून निघालो. रस्त्याच्या मधोमध थांबून मागे पाहिलं. बर्चवर वडी टांगलेली होती, पक्षी झोपायला गेले होते, आणि वॉलफ्रिड खिडकीत उभा राहून दोन ताटल्या धूत होता. दोन ताटल्या धुवायला किती वेळ लागतो? तो बराच वेळ धूत होता.