मफलर बांधून सीडी-फोर

"एचआयव्ही पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले आणि मी उगाच मान डोलावली. कुठून आला, हे विचारू नका. विचारणाऱ्यांनी तेव्हाही माझं डोकं खाल्लं होतं. बायकोचा, सुनंदाचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मात्र मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडलो.

सरकारी औषधं तेव्हा नुकतीच फुकट मिळू लागली होती. ती कधी सुरू करायची, हे सीडी-फोर या तपासणीवर ठरे. सीडी-फोर म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी. आमच्या डॉक्टरांनी नमुना दिल्लीला पाठवला. महागडी तपासणी, आणि रक्त ताजंच लागतं. वाटेत उन्हानं ते खराब झालं. औषधांची वेळ आली की टळून गेली, काहीच कळेना.

मग आमच्या पंचकुल्याशेजारी, चंदीगडच्याच एका रुग्णालयात ही मोजणी स्वस्तात सुरू झाली. सुनंदा हरखली. माझी पाचावर धारण बसली, कारण ती लॅब डॉ. सबनीसबाईंची होती. गणपतीत आमच्या मराठी मंडळाची आरती त्याच सांगत. परमुलखात मंडळ हेच आमचं गणगोत; तिथे कळलं की संपलं.

"मंडळ सांभाळायचं की जीव?" सुनंदा कडाडली.

शेवटी पंचकुल्याहून बसनं गेलो. ऐन जूनमध्ये तोंडाला मफलर, ओठांवर हिंदी. चिठ्ठीवर नावाऐवजी नंबर असे, हे एक बरं होतं. बाई यंत्रापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मुट्ठी बंद करो, बाऊजी," रक्त घेणारी मुलगी म्हणाली. सुई टोचली.

"आई गं!" मी ओरडलो.

बाई वळल्या नाहीत. दुपारी कागद घेऊन समोर बसल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "चारशेच्या वर आहे. औषधं एवढ्यात नकोत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू. आणि तो मफलर काढा, चक्कर येईल. इथलं इथेच राहतं."

मला हुंदकाच फुटला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी ओळखीच्या माणसाला घाबरून तपासणी टाळत असेल, तर टाळू नका.

त्या वर्षी गणपतीत आरती संपल्यावर बाई सगळ्यांदेखत माझ्याकडे वळल्या. मी हातातली झांज खाली ठेवून दाराकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही झांज फार चुकवता," त्या म्हणाल्या, आणि मंडळ खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी.